तिसरी रीड

“भिंतीकडे तोंड करून बस. मी सांगेपर्यंत वळायचं नाही,” थोरली म्हणाली.

धाकटीने खुर्ची फिरवून घेतली. समोर हातभर अंतरावर भिंत आणि भिंतीवर चौकटीतला एक फोटो. प्रयोग संपल्यावर सगळे वादक उभे राहून प्रेक्षकांना अभिवादन करतानाचा. मधोमध थोरली, क्लॅरिनेट छातीशी धरलेली, मान किंचित कललेली. तिच्या उजवीकडे फोटोच्या कडेला कुणाचं तरी एक कोपर आलं होतं. ते धाकटीचं.

“हा फोटो काढ इथून.”

“का गं?”

“काचेत तू दिसशील. मग मला कळेल कुठली लावलीस ते.”

थोरलीला ते पटलं. तिने फोटो काढून पलंगावर पालथा ठेवला. भिंतीवर त्याच्या मापाचा फिकट चौकोन उरला. धाकटी त्या चौकोनाकडे बघत बसली.

“तीन रीड आहेत. एक आपली नेहमीची, बोरूची. दोन नव्या, प्लास्टिकच्या. क्रम सांगणार नाही. तू फक्त ऐक, आणि खरं काय ते सांग.”

रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायची बोटभर लांबीची पातळ पट्टी. फुंकर घातली की ती थरथरते आणि आवाज तिथून निघतो. बोरूची रीड भारी लहरी. आज गोड, उद्या घोगरी, दमट हवेत फुगून बसणार, कोरड्या हवेत वाकणार. दहांच्या डब्यात दोन धड निघाल्या तरी वादक खूश. उरलेल्या आठांचे रुसवेफुगवे खालच्या ओठाने काढायचे असतात, आणि त्या कामात थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पाच महिन्यांपूर्वी तिची अक्कलदाढ काढली आणि तेव्हापासून खालच्या ओठाचा डावा कोपरा बधिर झाला तो झालाच. हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत. प्लास्टिकची रीड रोज सारखीच वागते, म्हणजे ओठाला कमी कळलं तरी भागेल, या आशेवर तिने या दोन आणल्या होत्या.

“नानांना बसवायचंस ऐकायला,” धाकटी भिंतीला म्हणाली. नाना म्हणजे थोरलीचे वडील. बाहेरच्या खोलीत रेडिओशी बसले होते.

“नानांना सगळंच छान वाटतं. मी खुर्ची ओढली तरी ते वा म्हणतात.”

“आणि तुला स्वतःला?”

“मला आतून ऐकू येतं ना. दात माउथपीसवर टेकलेले, सगळं हाडांतून येतं. बाहेर काय जातंय ते दुसऱ्यानेच सांगायचं. आणि तुझ्याइतका कान कुणाचा आहे?”

हे ती अगदी सहज बोलली. धाकटीला ते ऐकून बरं वाटलं नाही. एकोणीस वर्षांत या बाईने आपल्याला एकदाही टोमणा मारलेला नाही, हे तिचं जुनं दुखणं होतं. टोमणा मारला असता तर रागावता तरी आलं असतं.

दोघी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात होत्या. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बत्तीस जण दाटीवाटीने बसत, त्यांत क्लॅरिनेट दोन. पहिली वाजवणारी ती थोरली, दुसरी वाजवणारी ती धाकटी. ही नावं कुणी तबलजीने की झांजवाल्याने पाडली, आणि ती चिकटली. खरं तर धाकटी वयाने तीन वर्षांनी मोठी आणि नोकरीतही आधीची. पहिली खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती आपल्यालाच मिळणार, असं धरून तिने नवे काळे बूट घेतले होते. मग परीक्षा झाली, मध्ये पडदा लावून, म्हणजे कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसू नये. आणि खुर्ची बाहेरून आलेल्या या पोरसवद्या बाईला गेली. पडदा होता, त्यामुळे वशिला लावला असं म्हणायचीही सोय नव्हती. ते बूट धाकटीने दुसऱ्या खुर्चीवर बसून झिजवले.

त्यानंतर थोरलीचं सगळंच तिच्या डोळ्यांत सलू लागलं. तिचे केस पिकले ते शोभून दिसतात. आपले पिकले तर नवरा म्हणतो, दमल्यासारखी दिसतेस. तिला प्रेक्षकांची पत्रं येतात. ती मास्तरांना, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकांना, उलटं बोलते आणि मास्तर हसतात. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. धाकटी मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून डबा खाई, तिच्या दुखण्याची चौकशी करी, आणि घरी गेल्यावर भांडी जरा जास्तच आपटून घासत असे.

“एक,” थोरली म्हणाली आणि वाजवू लागली.

तिसऱ्या अंकातला तो तुकडा होता. नाटक जुनं, दर मोसमाची सुरुवात त्यानेच व्हायची. तिसऱ्या अंकात रंगमंच रिकामा होतो, खिडकीशी एकटी बाई बसून राहते आणि दोन मिनिटं फक्त एक क्लॅरिनेट वाजते. लोक त्या दोन मिनिटांसाठी येत. मास्तरांनी थोरलीला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर या मोसमात तो तुकडा धाकटीकडे जाणार होता. हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

पहिल्या रीडला हवा फार होती. सूर धुक्यातून आल्यासारखे, वर चढताना एकदा पाय घसरला. ही बोरूची, धाकटीच्या लगेच लक्षात आलं. तिला आतून हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

“दोन.”

दुसरी कडक होती. कानात टोचणारी. थोरलीने अर्ध्यातच सोडून दिली. “ही नकोच. मलाच कळतंय.”

मग रीड आवळायचा स्क्रू फिरवल्याचा बारीक आवाज. बाहेर नानांनी रेडिओ बंद केला.

“तीन.”

आणि धाकटी खुर्चीची कड घट्ट धरून बसली. पाच महिने जे ऐकू आलं नव्हतं ते पुन्हा त्या खोलीत होतं. पूर्वीपेक्षा थोडं गडद, थोडं सावकाश, दुखण्यातून उठलेलं माणूस जपून चालतं तसं. वर चढताना कुठे धक्का नाही, उतरताना घाई नाही. शेवटचा सूर बारीक होत गेला, आणि तो नक्की कधी थांबला ते तिला सांगता आलं नसतं.

फिकट चौकोनाकडे बघत ती विचार करत राहिली. विचार म्हणावा असं काही नव्हतंच. काळे बूट आठवले. मागच्या आठवड्यात तिने हाच तुकडा घरी पाठ करून ठेवला होता, नवरा ऑफिसला गेल्यावर, खिडक्या लावून.

“वळू?”

“वळ ना. सांग.”

थोरली पलंगावर बसली होती. ओठाचा डावा कोपरा ओला होता. तिला ते कळत नव्हतं. एखाद्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता.

“एक,” धाकटी म्हणाली.

“एक? ती तर बोरूची.”

“अगं, मला काय माहीत कुठली ती. मी ऐकलं ते सांगितलं.”

“आणि तीन?”

“तीन नंबर…” धाकटीने नाक किंचित मुरडलं. “डब्यात तोंड घालून वाजवल्यासारखं वाटतं. प्लास्टिक ते प्लास्टिकच.”

थोरली हातातल्या रीडकडे बघत राहिली. “मला आतून फार बरं वाटत होतं गं.”

“आतून काय, सगळंच बरं वाटतं,” धाकटी म्हणाली. हे वाक्य तिला नंतर कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

जाताना नाना दारापर्यंत आले. “शेवटचं छान झालं, नाही?” ते म्हणाले.

“तुम्हाला सगळंच छान वाटतं, नाना,” थोरली आतून म्हणाली आणि हसली. धाकटी चपला घालण्यात गुंतली.

शनिवारच्या तालमीला थोरलीने बोरूची रीड लावली. तिसऱ्या अंकात पहिल्या वेळी सूर फाटला. मास्तर म्हणाले, पुन्हा. दुसऱ्या वेळी चिरकला, इतका की वर रंगमंचावर खिडकीशी बसलेल्या नटीने दचकून खाली पाहिलं. थोरलीने क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवली.

“मास्तर, हिला द्या,” ती म्हणाली. “हिचं तयार आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“एकोणीस वर्षं शेजारी बसतीये ती. तयार असणारच.”

त्यानंतर तिने महिन्याची रजा टाकली. तिच्या खुर्चीवर धाकटी बसली आणि धाकटीच्या जागी एक बदली बाई आली.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. धाकटीने एकही चूक केली नाही. हात थंड पडले नाहीत, श्वास पुरला, प्रत्येक सूर आपल्या जागी बसला. टाळ्या झाल्या. मास्तरांनी मान हलवली आणि लगेच पान उलटलं. घरी येताना नवरा म्हणाला, “छान झालं हं. एकदासुद्धा चुकली नाहीस.”

“आणखी काय?”

“आणखी म्हणजे?”

“काही नाही.”

दुसऱ्या प्रयोगाला तिने लक्ष ठेवलं. दारावर तिकिटं तपासणारा एक उंच म्हातारा होता. थोरली वाजवायची तेव्हा तो त्या दोन मिनिटांपुरता आत येऊन भिंतीला पाठ लावून उभा राही. खड्ड्यातून त्याचे पांढरे केस दिसत. तो आला नाही. मध्यंतरात तो तिला जिन्यावर भेटला आणि आदराने म्हणाला, “थोरल्या बाई बऱ्या आहेत ना आता?”

चार प्रयोग झाले. वाईट कुणी काही बोललं नाही. कौतुकही झालं, आजारी माणसाच्या जागी धावून येणाऱ्याचं होतं तसं. धाकटीचा जळफळाट मात्र कमी होण्याऐवजी वाढला. थोरली खुर्चीवर नव्हती, घरी मटार सोलत बसली होती, तरी तिचीच हवा होती. मग एके दिवशी धाकटीच्या डोक्यात आलं: ती रीड. ती किमया त्या रीडची होती. आपल्या क्लॅरिनेटला ती लावली की झालं. इतके दिवस हे सुचलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

वाद्यांच्या दुकानात तिने नेमकी तीच मागितली. दुकानदाराने खण उघडला.

“थोरल्या बाईंनी नेली होती यातली,” तो म्हणाला. “परवा परत द्यायला आल्या होत्या. म्हटलं, बाई, तोंडाला लागलेली परत कशी घेऊ. तशाच घेऊन गेल्या बिचाऱ्या.”

धाकटीने डबी पर्समध्ये टाकली आणि बसथांब्यापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

नवरा सुट्टीमुळे घरी होता. तो पाणीपुरवठा खात्यात मीटरची नोंद ठेवायचा, संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण सांगितलेलं काम चोख करायचा. तिने त्याला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“वळायचं नाही. मी आधी एक वाजवते, मग दुसरं. फरक काय ते सांगा.”

“आणि आमटी उतू गेली तर?”

“गॅस बंद केलाय.”

तिने आधी बोरूची रीड लावून तो तुकडा वाजवला. मग नवी लावली. नवी खरोखरच सोयीची होती. भिजवावी लागत नव्हती, ओठाखाली गुळगुळीत, फुंकर घातली की लगेच बोलायला तयार. धाकटीने डोळे मिटून जीव ओतून वाजवलं. संपल्यावर थोडी थांबली.

“सांगा.”

नवरा भिंतीकडेच बघत बसला होता. बराच विचार करून तो म्हणाला, “दोन्ही सारखंच वाटलं मला.”

“सारखं कसं असेल? नीट आठवा. दुसरं जास्त गडद नव्हतं? खोल?”

“अगं, खरं सांगू का? दोन्ही वेळा तूच होतीस.” तो वळला. “म्हणजे तुझं जसं असतं तसं. नीट. का गं, काय झालं?”

धाकटी ओट्याला टेकून उभी होती. काही झालं नाही, असं ती म्हणाली. मग तिने क्लॅरिनेटचे सांधे सोडवले, एकेक भाग पुसला, पेटीत ठेवला. आमटी गरम करून त्याला वाढली. स्वतः जेवली नाही, आणि तो विचारील म्हणून, पोट बिघडलंय, असं आधीच सांगून टाकलं.

दोन दिवस तिने स्वतःशी खूप हुज्जत घातली. आपण एक मत दिलं, मत चुकूही शकतं. सतरा लोक सतरा गोष्टी सांगतात. थोरलीने नानांचं का ऐकलं नाही? तिसऱ्या दिवशी दुपारी ती थोरलीच्या घरी गेली.

दार नानांनी उघडलं. “ये. घर फार शांत झालंय बघ,” ते म्हणाले आणि आत निघून गेले.

थोरली जेवणाच्या टेबलाशी बसून नानांच्या सदऱ्याला बटण लावत होती. शेजारी एक पाकीट होतं, नाट्यगृहाच्या पत्त्याचं, अजून न चिकटवलेलं. धाकटीने पत्ता वाचला, राजीनामाच असणार हे ताडलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

“मी तुला खोटं सांगितलं. तीन नंबरची सगळ्यांत चांगली होती.”

थोरलीची सुई थांबली नाही. तिने दोन टाके घातले, दोरा गुंडाळला, दाताने तोडायला गेली आणि ओठाची आठवण होऊन कात्री घेतली.

“किती चांगली?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“मला बाहेरचं ऐकू आलं नव्हतं ना. मी आतून ऐकलं. तू बाहेरून ऐकलंस. सांग कशी होती. नीट सांग.”

धाकटी खुर्चीत बसली. अशा गोष्टी बोलायची तिला सवय नव्हती. थोरलीबद्दल तर मुळीच नाही.

“आपल्या सगळ्यांचा खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना जोड ऐकू येतो,” ती म्हणाली. “कितीही लपवला तरी. तुझा आला नाही. मी वाट बघत होते येईल म्हणून. मधे तू श्वास घेतलास ना, तेव्हा मीपण घेतला. आवाज आधीपेक्षा… आधी तू जरा मिरवायचीस. रागावू नकोस. आता तसं नव्हतं. घरातलंच कुणी बोलतंय असं वाटलं. आणि शेवटचा सूर कधी संपला ते मला कळलंच नाही. नानांनी रेडिओ बंद केला होता तुझ्यासाठी. तुला माहीत आहे?”

“नाही.”

“केला होता.”

थोरली सदऱ्याच्या बटणावरून अंगठा फिरवत होती.

“मग?” ती म्हणाली.

“मग मला तुझा राग आला.”

“त्या दिवशी?”

“त्या दिवशी फक्त नाही. रोजच येतो.”

आत नाना खोकले. थोरलीने सदऱ्याची घडी घातली. घडी मनासारखी बसली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली.

“एकोणीस वर्षं मी तुझ्याकडे बघायचे वाजवून झालं की,” ती म्हणाली. “लोकांचं काय, लोक टाळ्या वाजवतात. तुला कळतं म्हणून बघायचे. तू आपली रीड पुसत असायचीस.”

“आता जा तू,” थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. “परत कुणी ऐकायला लागलं तर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलवीन.”

ते पाकीट तिने पोस्टात टाकलं नाही. पंधरा दिवसांनी ती तालमीला आली. मास्तरांना एवढंच म्हणाली की रीड बदलून बघितली, जमतंय. तिसऱ्या अंकात तिने तो तुकडा वाजवला तेव्हा खड्ड्यात कुणी पान हलवलं नाही. मास्तर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. थोरली खरी गोष्ट कुणाला तरी सांगेल म्हणून धाकटी त्या दिवशी आणि नंतरही वाट बघत राहिली. तिने कुणालाही सांगितली नाही. मधल्या सुट्टीत मात्र ती डबा घेऊन व्हायोलिनवाल्यांच्या बाकावर जाऊन बसू लागली, आणि दोघींच्या खुर्च्या कुणी मुद्दाम न सरकवताही जरा लांब झाल्या.

धाकटीचा मत्सर गेला, असं काही झालं नाही. रविवारच्या प्रयोगाला थोरलीने तो तुकडा सुरू केला तेव्हा धाकटीला पुन्हा तसाच राग आला. ती मान खाली घालून मोजत राहिली. त्या तुकड्याच्या अगदी शेवटी, थोरलीचा सूर बारीक होत जातो तेव्हा, त्याच्याखाली दुसऱ्या क्लॅरिनेटला एकच सूर असतो: खर्जातला, आठ मात्रांचा, इतका हळू की प्रेक्षकांना तो ऐकू जात नाही. धाकटी पहिल्या खुर्चीवर असताना मास्तरांनी तो गाळून टाकला होता; बदली बाईला तो जमत नव्हता. वरच्या सुराला आधार देऊन आपण आहोत हे कळू न देणं अवघड असतं.

धाकटीने क्लॅरिनेट ओठांना लावली, थोरलीच्या खांद्याची हालचाल बघितली, आणि तिच्या श्वासाबरोबर तो सूर धरला. आठही मात्रा तिने तो हलू दिला नाही. मग वरचा सूर विरायच्या एक क्षण आधी, लिहिलं होतं तसा, आपला सोडून दिला. या वेळी वाजवून झालं तेव्हा तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली रीड पुसत होती.